पाठकोऱ्या कागदांचं संग्रहालय: योकोहामातलं कानाझावा बुंको

पहिली अडचण नावाची. नकाशात नुसतं ‘कानाझावा’ टाकलं की तो इशिकावा प्रांतातल्या कानाझावा शहराकडे धाडतो, आणि ते भलतीकडेच, टोकियोपासून शिंकान्सेनने अडीच-तीन तासांवर आहे. कानाझावा बुंको, म्हणजे मध्ययुगातलं जुनं ग्रंथालय आणि आज त्याच्या उरलेल्या कागदांचं, जुन्या पत्रांचं संग्रहालय, आहे योकोहामाच्या कानाझावा विभागात. स्टेशनचं नावही कानाझावा-बुंकोच, केईक्यू या खासगी रेल्वेचं. शिनागावाहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. पर्यटकांचा जेआर रेल्वेचा पास या मार्गावर चालत नाही. सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड जवळ असलं की झालं. स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडून साधारण 12 मिनिटं चालायचं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, सोमवारी सणाची सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. वेळ 9 ते 4.30, पण 4 नंतर आत घेत नाहीत. खरी फजिती होते ती दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत. मांडणी बदलायला दालनं बंद ठेवतात, आणि तारखा फक्त त्यांच्या वर्षाच्या वेळापत्रकात सापडतात. ते वेळापत्रक पाहिल्याशिवाय मी कुणालाच तिकडे जायला सांगत नाही. कारण दुसरंही आहे. प्रदर्शन मूर्तींचं असेल तर मूर्ती दिसतील, कागद नावापुरते. कागद पाहायचे असतील तर पत्रांवरचं किंवा धर्मग्रंथांवरचं प्रदर्शन निवडावं.

रस्त्याने थेट इमारतीपाशी जाता येतं, तरी शोम्योजी या बौद्ध मंदिरातून जावं. प्रवेश फुकट आहे. मोठ्या दरवाजात 1323 सालचे दोन लाकडी द्वारपाल उभे आहेत, सुमारे 4 मीटर उंचीचे. पुढे तळं, त्यावर एक कमानदार आणि एक सपाट पूल. डावीकडे टेकडीच्या पोटातून बोगदा निघतो, तो ओलांडला की संग्रहालय. त्याच्या शेजारी मध्ययुगातला जुना बोगदा जपून ठेवला आहे. मंदिर आणि ग्रंथालय टेकडीच्या दोन अंगांना होते, हे इथे उभं राहिलं की लगेच कळतं.

ग्रंथालय होजो सानेतोकीने 1275 च्या सुमारास आपल्या वाड्यात उभारलं. कामाकुराच्या लष्करी राजवटीत सत्ता चालवणाऱ्या होजो घराण्याची ही एक शाखा. 1333 मध्ये घराणं बुडालं आणि पुस्तकं मंदिराच्या ताब्यात आली. पुढे ज्याच्या हाती सत्ता, त्याने चांगली पुस्तकं उचलली. पुढे शोगुन म्हणजे लष्करी राज्यकर्ता झालेला तोकुगावा इएयासूही त्यात आला. 1923 च्या भूकंपात तेव्हाची इमारत कोसळली. 1930 मध्ये कानागावा प्रांताने संस्था नव्याने सुरू केली, आणि आजची वास्तू 1990 ची.

पुस्तकं गेली, मग उरलं काय? मंदिराचे धर्मग्रंथ 16,692 आणि कागदपत्रं 4,149. हा सगळा ठेवा 2016 मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाला. यातली पत्रं टिकली ती कुणी जपून ठेवली म्हणून नव्हे, तर रद्दीत गेली म्हणून. कागद महाग. आलेलं पत्र वाचून झालं की मंदिरातले भिक्षू ते उलटं करत आणि पाठकोऱ्या बाजूवर धर्मग्रंथाची नक्कल उतरवत. ग्रंथ पवित्र म्हणून सातशे वर्षं जपला गेला, आणि मागचं पत्रही त्याच्यासोबत टिकलं. दुसरा मठाधिपती केन्ना अशा नकला करण्यात आघाडीवर होता, आणि त्याला सानेतोकीचा नातू सादाआकी सतत पत्रं लिही. हा सादाआकी क्योतोत राजवटीचा प्रतिनिधी होता. 1326 मध्ये जेमतेम दहा दिवस राजवटीचा प्रमुख कारभारीही झाला. त्याच्या पत्रांत राजकारण आहे, पुस्तकं आहेत, मंदिराच्या चहाची मागणीसुद्धा आहे. या मागच्या पत्रांना ‘शिहाई मोंजो’ म्हणतात. 1930 नंतर पहिले संचालक सेकी यासुशी यांनी ती ग्रंथांच्या पाठीवरून शोधून काढायला घेतली.

काचेपलीकडचा कागद पाहताना आधी आपल्यासमोर कुठली बाजू आहे ते ठरवावं. ‘शिहाई’ या शब्दाची दोन चिन्हं (紙背) फोनमध्ये साठवून ठेवली की माहितीफलकावर चटकन ओळखू येतात. दुसऱ्या बाजूची शाई झिरपून उलट्या, फिकट ओळी दिसतात. त्या डाग समजून सोडू नयेत. पत्राच्या कडा बहुधा तुटक असतात, कारण कागद ग्रंथाच्या मापाने कापलेला असतो. कापताना नेमकं सही किंवा तारखेचं टोक जातं. दोन पानी पत्राचं पहिलं पान एका ग्रंथाच्या पाठीवर, दुसरं भलत्याच ग्रंथाच्या, हे तर नेहमीचंच. ज्या वह्यांत कागद मधोमध दुमडून पत्राची बाजू आत ठेवली आहे, तिथे शिवण सोडल्याशिवाय पत्र दिसतच नाही.

वाचनाचा क्रमही फसवा. ओळी उजवीकडून डावीकडे जातात, म्हणून आपण उजव्या काठापासून सुरुवात करतो आणि अर्थ लागत नाही. लिहिणारा उजवीकडे मोकळी जागा सोडून मजकूर सुरू करतो. डावीकडची जागा संपली की ताजा कलम त्या सोडलेल्या जागेत घालतो, आणि तिथेही मावला नाही तर बारीक अक्षरात मूळ ओळींच्या मध्ये. म्हणजे उजवीकडची पहिली ओळ सगळ्यात शेवटची असू शकते. आधी ठळक, समान अंतराच्या ओळी शोधाव्यात. मजकूर तिथून सुरू होतो. वर्ष तर खासगी पत्रात लिहीतच नसत, फक्त महिना आणि दिवस. वर्ष ठरतं मजकुरातल्या घटनांवरून आणि ‘काओ’ या सहीच्या नक्षीवरून, कारण एकाच माणसाची नक्षी वयागणिक बदलत जाते.

लिपी वळणदार जोडअक्षरांची. आपली मोडी ज्याने वाचली आहे त्याला हात न उचलता लिहिण्यातल्या खोडी लवकर समजतात, एवढाच काय तो फायदा. ‘मिवो’ नावाचं फोनवरचं ॲप अशी अक्षरं ओळखतं, पण ते मुख्यतः एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांवर शिकवलेलं आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या घाईत लिहिलेल्या पत्रावर त्याचा भरवसा धरू नये. शिवाय दालनात फोटो सहसा काढू देत नाहीत. मराठी वाचकाला अनपेक्षित दिलासा मिळतो तो धर्मग्रंथांच्या बाजूला. शिंगोन या तांत्रिक बौद्ध पंथाच्या पोथ्यांत बीजाक्षरं सिद्धम् लिपीत असतात. ती आणि नागरी दोन्ही गुप्तकालीन ब्राह्मीच्या वंशातल्या, त्यामुळे थोडं निरखलं की ‘अ’ किंवा ‘वं’ ओळखता येतो.

दालनात प्रकाश मुद्दाम मंद असतो. राष्ट्रीय ठेव्याच्या वस्तू वर्षातून साधारण 60 दिवसांपेक्षा जास्त मांडू नयेत असा तिथल्या सरकारचा दंडक आहे, नाजूक रंगांना त्याहून कमी. म्हणून एकाच प्रदर्शनात पूर्वार्ध-उत्तरार्ध करून वस्तू बदलतात. ठरावीक कागद पाहायचा असेल तर तो कुठल्या टप्प्यात आहे हे वस्तूंच्या यादीवरून पाहून मगच तारीख ठरवावी. नेहमीची दुर्बीण इथे निरुपयोगी, ती हातभर अंतरावर फोकस होत नाही. 4 ते 6 पट मोठं दाखवणारी, 20-30 सेंटीमीटरवर फोकस होणारी एकनळी दुर्बीण घ्यावी. टिपणं पेन्सिलीनेच घ्यायची. पेन दिसलं की कर्मचारी येऊन नम्रपणे पेन्सिल पुढे करतात.

अस्सल कागद वाचनालयात हातात मिळत नाही, काम छायाचित्रांवर चालतं. जाण्यापूर्वी पत्राचा क्रमांक काढून ठेवावा, विषय सांगून पत्र सापडत नाही. संस्थेच्या छापील संग्रहात प्रत्येक कागदाला क्रमांक आहे, आणि कामाकुरा काळातली कागदपत्रं एकत्र करणाऱ्या ‘कामाकुरा इबुन’मध्येही बरीच पत्रं आहेत, टोकियो विद्यापीठाच्या इतिहाससाधन संस्थेच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. आधी छापील वाचन, मग छायाचित्र, मग काचेतला कागद, असा क्रम लावला तर एक दुपार पुरते.

सानेतोकीची मूळ पुस्तकं मात्र इथे शोधू नयेत. ‘गुन्शो चियो’ हा चीनमध्ये नाहीसा झालेला ग्रंथ इथल्या प्रतीत टिकला. 50 पैकी 47 गुंडाळ्या आज टोकियोत राजघराण्याच्या दफ्तरखान्यात आहेत आणि त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर खुली आहेत. काही पुस्तकं कागा प्रांताच्या माएदा सरदाराने नेली, म्हणजे थेट त्या दुसऱ्या कानाझावाच्या मालकानेच. कुठल्याही ग्रंथालयात जुन्या चिनी ग्रंथावर ‘कानाझावा बुंको’ असा काळ्या शाईचा उभा शिक्का दिसला, तर तो बहुधा या टेकडीपलीकडून गेलेला असतो.