बुलियनचे गुलाब: अळ्या एकदाच्या वळायला लागल्या

बुलियन नॉटचं अपडेट, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन अळीसारखा उठावदार टाका घालायचा तो भरतकामातला प्रकार. मागे फक्त सरळ सरळ अळ्या जमत होत्या, आता त्या वळतायत आणि गुलाब म्हणून ओळखू येतोय. कापड साधं पांढरं केंब्रिक, दोरा अँकरच्या लडीतला, सहापैकी दोन पदर.

सगळ्यात जास्त फरक पडला तो सुईने. नेहमीची भरतकामाची सुई नेढ्यापाशी फुगीर असते ना, वेढे बरोब्बर तिथे येऊन अडकतात, मग आपण ओढतो, दोरा पिंजतो आणि चिडचिड होते ती वेगळीच. मिलिनर सुईचं नेढं आणि अंग जवळपास एकाच जाडीचं असतं, त्यामुळे वेढे सुळकन सरकतात. नंबर लहान तेवढी सुई जाड. दोन-तीन पदरांना मी ७ नंबर वापरते, सहाच्या सहा पदर घ्यायचे तर ३ किंवा १ बघा. नवीन शिकणाऱ्यांनी दोऱ्यांचे शेड गोळा करण्याआधी ही सुई घ्यावी असं माझं मत आहे.

टाका तसा सोपा आहे. सुई वर काढायची, हवी तेवढी जागा सोडून पुढे टोचायची आणि टोक परत पहिल्या भोकाशी बाहेर, पण पूर्ण ओढायची नाही, टोकावर वेढे घ्यायचे, डाव्या अंगठ्याने ते दाबून सुई बाहेर काढायची आणि दोरा उलट्या दिशेला ओढत अळी आडवी पाडून दुसऱ्या भोकात खाली. बरेच जण वेढे घट्ट घ्या म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. वेढे सैलसरच पण शेजारी शेजारी, एकावर एक चढू न देता, घट्टपणा शेवटी दोरा ओढताना आपोआप येतो. वेढे कुठे उंच कुठे सखल दिसले तर अळीच्या खालून सुई घालून दोनतीनदा पुढेमागे घासायची, मस्त सारखे होतात. आणि गुंडाळताना दोऱ्याचा पीळ सुटतोय का बघा, सुटत असेल तर उलट दिशेने गुंडाळा, चकाकीत लगेच फरक कळतो.

वळणाचं गणित असं की वेढ्यांची लांबी टाक्याच्या जागेपेक्षा जास्त हवी. माझ्या हाताला ५ मिलिमीटरमधे १० वेढे घेतले की सरळ बसतो, १४-१५ घेतले की कमान होते. तुमचा हात सैल असेल तर आकडे बदलतील, आधी चिंधीवर करून बघा. गुलाबाला मधे गडद रंगाचे तीन छोटे सरळ बुलियन, मग भोवती कमानी, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या साधारण मध्यापासून सुरू करायची आणि बाहेर जाताना शेड फिका करत जायचं. पाकळी फारच उठली तर मधोमध एक बारीक टाका घालून खाली बसवायची.

भरतकामाच्या रिंगचं म्हणाल तर कापड ढोलकीसारखं ताणलेलं असताना सुई एका दमात आत-बाहेर जातच नाही, म्हणून मी स्क्रू सैल करते, कधी रिंग काढूनच टाकते.

हे सगळं चाललंय ते भाचीच्या बाळाच्या झबल्यासाठी, बारशाआधी द्यायचंय. बाळाच्या कपड्यावर लांब बुलियन नकोच, इवलीशी नखं अडकतात, म्हणून गुलाब छोटे ठेवलेत आणि मागच्या गाठी टोचू नयेत म्हणून आतून मलमलचं अस्तर लावणार आहे. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, नाहीतर सगळा उठाव चपटा होऊन बसेल.

पानं साध्या लेझी डेझीची (साखळीचा एकेक सुटा टाका) केलीत, तिथे उठाव नकोच होता, सगळंच वर आलं की गुलाब दिसत नाहीत. आता पुढे कास्ट-ऑन स्टिच, विणकामात सुईवर टाके घालतो तसेच घालायचे असतात, पाकळ्या अजून मोकळ्या सुटतात म्हणे. तो झबल्यावर नाही, उशीच्या अभ्र्यावर करून बघणार. सुई मिलिनरच लागते, त्यामुळे नवीन खरेदी नाही!