आठवी काडी

१ फेब्रुवारी २०२२, मंगळवार. चीनहून मागवलेल्या छत्र्यांचा आमचा २० फुटी कंटेनर न्हावाशेवाबाहेर नांगरलेल्या जहाजावर होता आणि मस्जिद बंदरच्या ऑफिसात सगळे टीव्हीसमोर. बजेटचं भाषण जवळजवळ संपलं होतं. अप्रत्यक्ष करांचा भाग शेवटी येतो, तेव्हा अर्धे लोक जेवणाचे डबे उघडायला लागलेले असतात. तेवढ्यात निर्मला सीतारामन यांचं वाक्य आलं: छत्र्यांवरची आयात ड्युटी २० टक्के, आणि छत्रीच्या सुट्या भागांवरची सवलत बंद.

आधी छत्र्यांवरची ड्युटी १० टक्के होती. शेठनी डबा बंद केला.

छत्री विकली जाते जूनमध्ये, पण माल हलतो जानेवारीत. चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात, आणि त्या वर्षी त्यांचं नववर्ष नेमकं १ फेब्रुवारीलाच होतं. म्हणून फुजियान प्रांतातल्या जिन्जियांगकडचा माल (छत्र्यांचा एक मोठा पट्टा तिकडे आहे) त्याआधी बोटीवर चढवलेला. ५६० खोकी, खोक्यात ६० नग, एकूण ३३,६०० तीन घडीच्या छत्र्या. भाडं-विमा धरून नगाला ९० रुपये.

शेठ म्हणाले, "बिल शनिवारीच टाकलंय ना? मग आपल्याला जुना रेट."

हा गैरसमज धंद्यात मुरलेल्या माणसांचाही असतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे भरायची नोंद, आम्ही २९ जानेवारीला भरलं होतं, हे खरं. २०२१ पासून हे बिल जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरावंच लागतं. पण आगाऊ भरलं म्हणून दर गोठत नाही. कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १५ मध्ये साफ लिहिलंय: बिल जहाजाच्या आधी आलं असेल, तर ज्या दिवशी जहाजाला 'एंट्री इनवर्ड' (माल उतरवायची कस्टम्सची परवानगी) मिळते, त्या दिवशी ते सादर झालं असं धरायचं. आमच्या जहाजाला ती मिळाली ३ तारखेला. नवा दर मध्यरात्रीच लागू झालेला. बोट दोन दिवस आधी आत आली असती, तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

बाँडेड गोदामात (ड्युटी नंतर भरायची, तोवर माल कस्टम्सच्या देखरेखीखाली) टाकून पाहू, असंही कुणीतरी सुचवलं. त्यातून काही निघत नाही. बाँडमधून माल बाहेर काढायचं बिल ज्या दिवशी भरतो, त्या दिवशीचा दर लागतो, म्हणजे २० टक्केच, वर गोदामाचं भाडं. आणि ड्युटी वेळेत भरली नाही, तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. म्हणून मुकाट्यानं चलन भरायचं ठरलं.

आकडा असा निघाला. मूळ ड्युटी २० टक्के म्हणजे १८ रुपये. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १ रुपया ८० पैसे. मिळून १९.८०. आधी हेच ९.९० होतं. फरक नगाला ९ रुपये ९० पैसे, आणि ३३,६०० नगांवर ३,३२,६४० रुपये. शिवाय आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ड्युटीसह किमतीवर बसतो, तेव्हा १२ टक्के होता; तोही त्यामुळे आणखी ४० हजारांच्या आसपास वाढला. त्याचं क्रेडिट पुढे मिळतं (विक्रीवरच्या जीएसटीतून तेवढा वजा होतो), पण चलन भरायच्या दिवशी पैसे खिशातूनच जातात.

आता पुढचा पेच. डीलरांचं बुकिंग जानेवारीतच झालं होतं, ११९ रुपये अधिक जीएसटी. आमच्या गोदामात छत्री आधी १०५.९० ला पडणार होती (९० अधिक ९.९०, वर क्लिअरिंग-गाडीचे ६). आता ती पडली ११५.८० ला. तेरा रुपयांच्या मार्जिनचे उरले ३ रुपये २० पैसे. मालविक्री कायद्याचं कलम ६४ अ आहे: सौद्यानंतर ड्युटी वाढली आणि करारात उलट काही ठरलेलं नसेल, तर विकणारा तेवढी रक्कम किमतीत जोडून मागू शकतो. शेठना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कलम दाखवून एक वर्ष पैसे मिळतील, पुढच्या वर्षी डीलर मिळणार नाही. त्या सीझनची ड्युटी गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही, ती आमच्याकडेच जिरली. वाढीव ड्युटी लगेच भावात दिसते असं जे सर्रास सांगितलं जातं, ते पहिल्या वर्षी बहुतेक वेळा खोटं असतं, आणि कारण हे असं साधं असतं: भाव आधीच बोलून झालेला असतो.

गिऱ्हाइकापर्यंत पोचली असती, तर किती होऊन पोचली असती, तेही सांगतो. आम्ही आमचे १२ टक्के मार्जिन लावतो, डीलर १५, किरकोळ दुकानदार ६०. दुकानदाराचे ६० ऐकून डोळे मोठे करू नका, त्याचा माल तीन महिने खपतो आणि उरलेला नऊ महिने पोटमाळ्यावर पडून राहतो. प्रत्येक जण टक्क्यानं लावतो, म्हणजे खालच्या ड्युटीवरही लावतो. १०५.९० ची छत्री जीएसटीसह गल्ल्यावर २४४ ला यायची, ११५.८० ची तेव्हाच्या जीएसटीनं २६७ ला आली असती. बंदरावरचे ९ रुपये ९० पैसे दुकानात २२ रुपये ८५ पैसे झाले असते.

पण २६७ ला छत्री खपत नाही. २४४ ची छत्री २४९ च्या स्टिकरनं जायची, आणि तो स्टिकर ही भिंत आहे. अचानक पाऊस आला म्हणून स्टेशनबाहेर घाईत घेतलेली छत्री २५० च्या आत लागते. त्याच्या वर गेलं की माणूस एकतर भिजत जातो, नाहीतर विचार करायला लागतो, आणि विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाला मग ४५० ची चांगली छत्री घ्यावीशी वाटते. दुकानदाराला २४९ च्या खणात काहीतरी हवंच असतं. म्हणून दुसऱ्या वर्षी प्रश्न उलटा विचारला गेला: गल्ल्यावर २४९ ठेवायचे असतील, तर चीनहून छत्री कितीला निघाली पाहिजे?

समीकरण सोपं आहे. किंमत गुणिले १.२२ (ड्युटी आणि अधिभार धरून), अधिक क्लिअरिंग-गाडीचे ६, बरोबर गोदामातले जुने १०५.९०. उत्तर ८१ रुपये ८९ पैसे. ९० च्या छत्रीतून आठ रुपये काढायचे. (मधल्या काळात डॉलर ७५ वरून ८२ च्या घरात गेला आणि बोटीचं भाडं उतरलं. आमच्या तक्त्यात दोन्ही जवळपास एकमेकांना कापून गेलं, म्हणून इथे धरत नाही. सगळं ड्युटीच्या माथी मारणं बरोबर नाही.)

कारखान्याला कळवल्यावर दोन दिवसांत उत्तर आलं, सोबत कापाकापीचा तक्ता. त्यांना असली विचारणा नवी नाही. आठाऐवजी सात काड्या: ३.२० वाचले. दाट विणीच्या पोंजी कापडाऐवजी पातळ पॉलिस्टर: २.००. काडीचा शेवटचा, फायबरचा तुकडा काढून तिथे साधी लोखंडी तार: १.६०. दांड्याच्या नळीचा पत्रा बारीक: १.१०. टोकाच्या टोप्या हलक्या आणि कापड काडीला तीनऐवजी दोन ठिकाणी टाचलेलं: ०.३०. एकूण ८ रुपये २० पैसे. छत्री झाली ८१.८० ला, गोदामात पडली १०५.८० ला, म्हणजे जुन्यापेक्षा १० पैसे कमीच.

सँपल आलं तेव्हा दोन्ही छत्र्या काट्यावर ठेवल्या. जुनी ३१२ ग्रॅम, नवी २५८. नव्या छत्रीवर ड्युटी १८ रुपये, जुनीवर होती ९.९०. म्हणजे छत्रीतून ८ रुपये २० पैशांचं लोखंड-कापड निघालं आणि त्यातले ८ रुपये १० पैसे तिजोरीत गेले. गिऱ्हाइकाच्या पावतीवर आकडा तोच राहिला. महागाई मोजणारा माणूस दुकानात आला असता, तर त्यानं वहीत लिहिलं असतं: छत्री, २४९, बदल नाही.

सात काड्यांनी काय बिघडतं? आठ काड्यांत कापडाचे आठ पाकळे असतात, प्रत्येकाचा कोन ४५ अंश. सातात तो ५१ च्या पुढे जातो, आणि कडेला प्रत्येक पाकळा पाचेक सेंटिमीटरनं रुंद होतो. रुंद पाकळ्यात वारा जास्त भरतो आणि तो भार ओढायला काडी एक कमी. तीन घडीच्या छत्रीत एकेका काडीला जोडांवर बरेच रिव्हेट (ठोकून बसवलेले खिळे) असतात. काडी म्हणजे यू आकारात दुमडलेली पत्र्याची पट्टी, आणि रिव्हेटसाठी भोक पाडलं की नेमका तिथेच पत्रा सगळ्यात कमी उरतो. फायबरचं टोक वाऱ्यात वाकून परत सरळ व्हायचं. तार वाकते आणि वाकलेलीच राहते, मग पुढच्या झोताला सगळा ताण मधल्या रिव्हेटवर येतो. छत्री उलटी होते तेव्हा मोडते ती तिथे, बरोबर भोकावर. कापड फाटून आलेली छत्री क्वचितच दिसते. बहुतेक छत्र्या कापड शाबूत असतानाच कचऱ्यात जातात.

पेडेस्टल फॅनसमोर धरून पाहायची आमची पद्धत आहे. छत्री तिरकी धरून पंखा शेवटच्या नंबरवर. जुनी थरथरायची, नवी तिसऱ्या मिनिटाला पालथी झाली. सरळ करून पुन्हा धरली, तेव्हा एक काडी लटकत होती. तरी ऑर्डर गेली. खोटं कशाला बोलू, पंख्याची चाचणी भाव ठरवत नाही.

त्या सीझनला परत आलेल्या मालाची पोती एकाची तीन झाली. डीलरांनी कुरकुर केली, पण गिऱ्हाइकांनी फारशी नाही. २४९ ची वस्तू मोडली म्हणून भांडायला कुणी परत येत नाही, दुसरी घेतो. तीन पावसाळे टिकणाऱ्या छत्रीला वर्षाला ८३ पडतात आणि एकात जाणारीला २४९, पण हा हिशेब दुकानात उभं राहून, डोक्यावरून पाणी गळत असताना कोण करतो?

परत आलेल्यांतल्या काही मी एका छत्री दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. हे लोक मेच्या शेवटी फुटपाथवर बसतात: पक्कड, सुई-दोरा, तारेचं वेटोळं, जुन्या छत्र्यांच्या काड्यांचा भारा. त्यांनी एक काडी नखानं दाबली, ती दबली. "भाऊ, यात रिव्हेट ठोकायचा कुठे? ठोकला की पत्रा फाटतो," म्हणाले. त्यांच्या भाऱ्यातली काडी या दांड्याच्या चकतीच्या खाचेत बसेना, कारण ती चकती सात खाचांची आणि खाचा अरुंद. दुरुस्तीचे ६० रुपये सांगितले आणि लगेच वर म्हणाले, नका करू.

सुट्या भागांची सवलत काढल्याचा घाव मात्र इथे छत्री बनवणाऱ्यांना बसतो. केरळातल्या आलप्पुळा किंवा राजस्थानातल्या फालनासारख्या छत्रीच्या गावांतला कारखानदार तयार छत्रीवर संरक्षण मिळालं म्हणून खूश व्हायला हवा, पण सांगाडा त्यांतले बरेच जण बाहेरूनच आणतात. तयार मालावर भिंत आणि त्याच बजेटात सुट्या भागांवरही वाढीव ड्युटी, मग इथे काडी बनवायचं मशीन टाकेपर्यंतची वर्षं कशी काढायची, हे त्याचं दुखणं. मशीन टाकणारे आहेत, नाही असं नाही. पण ते ४५० च्या छत्रीकडे जातात. २४९ च्या खणात शिरायला कुणी तयार नाही.

त्याच भाषणात इमिटेशन ज्वेलरीचं वेगळं सूत्र होतं: २० टक्के किंवा किलोला ४०० रुपये, जे जास्त ते. किंमत कमी दाखवणाऱ्यांना चाप, हा हेतू. दहा ग्रॅमचे कानातले असतील, तर किंमत कितीही कमी दाखवा, ४ रुपये द्यायचेच. पुढच्या वर्षी ते २५ टक्के किंवा ६०० रुपये झालं. टक्क्यानं ड्युटी असेल, तर वस्तू स्वस्तातली करायची, वजनानं असेल, तर पोकळ करायची. कारखान्याला दोन्ही भाषा येतात.

दुकानात छत्री घेताना फार काही लागत नाही. उघडून काड्या मोजा. एका काडीचं टोक बोटानं वाकवून सोडा. सरळ झालं तर फायबर आहे. उघडलेल्या छत्रीचा दांडा मुठीजवळ धरून हलकेच झटका द्या, वरच्या जोडात खडखड झाली तर जोड सैल आहे. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

३१२ ग्रॅमचं ते जुनं सँपल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दांड्याला ऑर्डर नंबरची चिठ्ठी बांधलेली. जुलैत पाऊस जोरात लागला की गोदामातलं कुणीतरी ते घेऊन जातं. हजारो नव्या छत्र्यांची खोकी बाजूलाच रचलेली असतात, त्यातली कुणी उघडत नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी ओली झालेली असते, मी ती नव्यानं लिहितो.