उभी गाडी नको, चाललेली द्या

परवा गाडी घरी आली. 2020 ची रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, बीएस सिक्स म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची, मीटरवर 41,260 किलोमीटर. सुदामा नगरात आमच्या गल्लीत जो येतो तो आधी मीटर बघतो आणि मग माझ्याकडे बघतो, अगं एवढी चाललेली गाडी का घेतलीस, त्याच पैशात कमी चाललेली मिळाली असती की. मिळत होती ना. सहा हजार आठशे चाललेली, नव्यासारखी चकचकीत गाडी मी दोनदा जाऊन बघून आले आणि सोडून दिली. का सोडली ते प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहिते, कारण सेकंडहँड ॲडव्हेंचर गाडी शोधणारे इंदूरात आता बरेच झालेत आणि सगळे आधी किलोमीटरच विचारतात.

मला गाडी कशासाठी पाहिजे होती ते आधी सांगते, कारण सगळं तिथूनच ठरत गेलं. आईने नर्मदा परिक्रमा बसने केली होती, तेव्हापासून डोक्यात आहे की आपण स्वतःच्या गाडीवर करायची, ओंकारेश्वरहून निघायचं, मैया उजव्या हाताला ठेवायची आणि शक्य तिथे हायवे सोडून काठच्या गावांतून जायचं. नदी 1312 किलोमीटरची, दोन्ही काठ धरले की दुप्पट, आणि आतल्या रस्त्यांनी गेलं की त्याहून पुष्कळ जास्त. चातुर्मासात परिक्रमा थांबते, कार्तिकी एकादशीनंतर लोक पुन्हा निघतात, म्हणजे मला तोपर्यंत गाडी हातात येऊन तिच्याशी नीट ओळख झालेली हवी होती. माझी उंची पाच फूट तीन इंच. बरोबर कोणी असेलच असं नाही. गाडी पडली तर मला एकटीला उचलता आली पाहिजे, आणि बिघडली तर बडवानीच्या पुढे एखाद्या गावातल्या मिस्त्रीला तिचं काहीतरी कळलं पाहिजे.

एवढं ठरल्यावर यादी आपोआप छोटी झाली. केटीएम 390 ॲडव्हेंचर मी खरंच मनापासून चालवून बघितली, 43 पीएसच्या वरचं इंजिन आहे, बायपासवर ती अशी काही पळते की उतरावंसं वाटत नाही, पण सीटची उंची 855 मिलिमीटर, माझी बोटं जेमतेम टेकतात आणि खडी असलेल्या उतारावर एक पाय सरकला की संपलं. हिरोची एक्सपल्स 200 हलकी, दीडशे किलोच्या थोडी वर, सीट 823, कच्च्या रस्त्यावर त्या पैशात तिच्यासारखी दुसरी नाही हे मी आजही म्हणेन, पण सामान लादून, मागे आईला बसवून मानपूरचा घाट चढायचा म्हटलं की 200 सीसीचा जीव कमी पडतो, आणि महेश्वरपर्यंत तरी आईला न्यायचंच आहे. नवी हिमालयन 450 नोव्हेंबर 2023 मध्ये आली, तिचे सेकंडहँड भाव अजून माझ्या खिशाबाहेर. मोठ्या ट्विन सिलिंडर गाड्या मी बघितल्याच नाहीत, त्यांचा साधा ब्रेक लिव्हर मागवायचा तरी वाट बघावी लागते.

राहिली जुनी हिमालयन. सीट 800, दोन्ही पाय टेकतात. टाकी 15 लिटरची. पुढचं चाक 21 इंची, खड्ड्यातून सरळ निघतं. वजन मात्र बीएस सिक्सचं 199 किलो, आणि ताकद 24 बीएचपीच्या आसपास, म्हणजे घाईच्या माणसाची गाडी नव्हे. चाकं स्पोकची आणि आत ट्यूब, यावरून मला खूप जणांनी टोकलं. त्यांचं बरोबर आहे, ट्यूबलेसचं पंक्चर चाक न काढता बाहेरूनच निघतं. पण दगडावर ॲलॉयचं अखंड चाक तडकलं की तिथेच बसा, स्पोकचं रिम वाकलं तर ठोकून गावापर्यंत आणता येतं, आणि ट्यूबचं पंक्चर काढणारा प्रत्येक गावात असतो. साल निवडताना एवढंच बघा की 2016 च्या सुरुवातीच्या गाड्या कार्बुरेटरच्या, 2017 मध्ये बीएस फोरबरोबर फ्युएल इंजेक्शन आलं, आणि मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करायचं बटण 2020 च्या बीएस सिक्सपासून आहे. सैल खडीवर उतरताना ते बटण मला हवंच होतं.

आता ती सहा हजार आठशेवाली. गाडीचं नाव सांगत नाही कारण दोष गाडीचा नव्हताच. घेणाऱ्याने मोठ्या हौसेने घेतली, दोन ट्रिपा केल्या, मग नोकरी, मग बाळ, आणि गाडी जवळपास अडीच वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली. मी गेले तेव्हा धुऊन पुसून, पॉलिश मारून, सुरू करून ठेवलेली. मामेभाऊ दादा बरोबर होता, तो बघताक्षणी म्हणाला घेऊन टाक. मीही जवळजवळ हो म्हणाले होते. मग आमच्या मिस्त्रीकाकांनी फोनवर सांगितलं तेवढं एक केलं, टाकीचं झाकण उघडलं आणि मोबाईलचा टॉर्च आत धरला. पेट्रोल अर्ध्यापर्यंत होतं. त्याच्या वरच्या पत्र्यावर, बरोबर पेट्रोलच्या रेषेपासून सुरू होऊन वरपर्यंत, विटकरी रंगाचे ठिपके, आणि झाकणाच्या कडेला बोट फिरवलं तर बोटावर गेरूसारखी पूड आली. वासही पेट्रोलचा नाही, आंबूस, जुन्या वॉर्निशसारखा.

काका दुसऱ्या दिवशी स्वतः आले, टाकीत डोकावले आणि म्हणाले, "दीदी, चली हुई गाडी का पता होता है क्या घिसा, खडी गाडी का कुछ पता नहीं." मग रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी मला सगळं समजावलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, अर्धी टाकी ठेवून गाडी उभी राहिली की पाणी खाली बसतं आणि वरचा उघडा पत्रा गंजतो, तो गंज पंपात जातो, तिथून इंजेक्टरमध्ये. ब्रेक ऑइलसुद्धा पाणी ओढतं. फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकॲबसॉर्बरचे, सील एकाच जागी राहून कडक होतात आणि गाडी चालायला लागली की महिन्याभरात गळतात. टायरवर नक्षी नव्यासारखी, पण बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, ते वाचले तर टायर पाच वर्षांचा निघाला, नख दाबलं तर रुतत नव्हतं. असला टायर सिमरोलच्या घाटात पहिल्या पावसात काय करेल याचा विचारच नको. टाकी, पंप, टायर, बॅटरी, सील, चेन असा हिशोब काकांनी पाकिटाच्या मागे मांडला, आणि तो मांडल्यावर ती स्वस्त गाडी स्वस्त राहिली नाही. मालक माणूस चांगला होता, त्यांनी काही लपवलं असं मला वाटत नाही, त्यांना स्वतःलाच टाकीच्या आतलं माहीत नव्हतं.

मग टिळक नगरची ही सापडली. मालक आमच्यासारखेच इंदूरचे मराठी, बदली होऊन बाहेर चाललेले. क्रॅशगार्ड दोन्हीकडून खरवडलेला, टाकीवर गुडघ्यांनी घासून रंग फिका पडलेला, इंजिनाखालच्या बॅश प्लेटवर दगडांचे ठोके. दादाचा चेहरा उतरला. पण त्यांनी पहिल्यांदा गाडी नाही दाखवली, एक वही आणून दिली. किलोमीटर, तारीख, काय केलं. दर पाच हजाराच्या आसपास ऑइल, कंपनीने त्याहून जास्त अंतर सांगितलेलं असतानाही. 18 हजाराला चेन सेट. लेहहून परत आल्यावर एअर फिल्टर, आणि पुढे कंसात लिहिलं होतं, "पूर्ण भरलेला, यापुढे अर्ध्या रस्त्यात बदलणे". ते वाचलं आणि मला माणूस कळला.

बाकीचं तपासलं ते थोडक्यात सांगते. मी आदल्या रात्रीच फोन करून विनंती केली होती की आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका, त्यामुळे सकाळी इंजिनाच्या पत्र्यांना हात लावला तर गार. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर निघतो का, टायमिंग चेनचा खडखड आवाज येतो आणि जातो की राहतो, हे फक्त तेव्हाच कळतं, गरम करून ठेवलेल्या गाडीत सगळे आवाज झाकले जातात. फोर्कच्या नळीवर बोट फिरवून तेलाचा ओघळ बघितला, नव्हता. स्पोकवर पेचकस आपटत चाक हळूहळू फिरवलं, घट्ट स्पोक टिंग वाजतो आणि ढिला ठक्क, मागच्या चाकात दोन ठक्क निघाले. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मानेजवळच्या फ्रेमवरचा स्टॉपर बघा, हे कोणी सांगत नाही, गाडी समोरून जोरात आपटली असेल तर तो वाकलेला किंवा चेपलेला असतो, आणि तसं दिसलं तर बाकी काहीही न बघता परत फिरा. क्रॅशगार्डवरचे ओरखडे चालतात, क्रॅशगार्ड त्याच्यासाठीच असतो. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं तर बरोबर मध्यभागी एक बारीक खाच लागली, कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, संपत आलेला. 41 हजाराला तो जाणारच हे मी धरूनच गेले होते, तेवढे पैसे कमी करून घेतले.

मग मी त्यांना विचारलं, गाडी आडवी करू का. ते एक क्षण थांबले आणि म्हणाले, करा ताई, मी पन्नास वेळा केली आहे. गल्लीच्या टोकाला बांधकामाच्या वाळूचा थर होता, तिथे डाव्या बाजूवर हळूच निजवली. उचलायची पद्धत मी बघून ठेवली होती. गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, हँडल पूर्ण वळवून एका हातात ग्रिप आणि दुसऱ्या हातात मागचं कॅरियर, पाठ ताठ, आणि हाताने न ओढता पायांनी मागे मागे चालत जायचं. पहिल्यांदा टायर वाळूत सरकला आणि ती तशीच राहिली. दुसऱ्यांदा टाच नीट रोवली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि ती उठली. 199 किलो, एकटीने. मांड्या दोन दिवस दुखल्या, पण त्या क्षणी गाडी माझी झाली होती, भाव अजून ठरायचा होता तरी. कोणतीही ॲडव्हेंचर गाडी घेताना, विशेष करून बायकांनी, हे करून बघाच, मालक नाही म्हणाला तर तशाच गाडीवर दुसरीकडे करून बघा. आणि लक्षात ठेवा, उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडायचा, नाहीतर उठवलेली गाडी पलीकडे जाते.

भाव त्यांनी 1 लाख 45 सांगितला, 1 लाख 32 हजाराला ठरलं. कोनसेट, दोन स्पोक आणि पुढचा टायर माझ्याकडे.

कागदांचं एक सांगायचं राहिलं. पुण्याच्या गाड्या ऑनलाइन स्वस्त दिसतात, भाचा तिथेच आहे, त्यानेही दोन शोधून दिल्या होत्या. पण दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओचं एनओसी, फॉर्म 28, मग बारा महिन्यांच्या आत इथला नंबर, इथला रोड टॅक्स नव्याने, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळवायला तिकडेच खेटे. हे सगळं धरलं की एमपी 09 चीच गाडी बरी. इथल्या इथे नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35, चेसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा, जुने चालान ऑनलाइन बघून मालकाकडूनच भरून घ्यायचे. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज टाका, हे लोक हमखास विसरतात आणि काही झालं की अडकतात. नायता मुंडलाच्या आरटीओत एक चक्कर पडलीच, पण काम झालं.

काल काकांकडे कोनसेट बदलला. हँडल आता लोण्यासारखं वळतं. काकांनी पुढचा मडगार्ड बघून एक सुचवलं ते आवडलं, टायरजवळचा खालचा मडगार्ड पावसाळ्यात काढून ठेवायचा, कारण आपली माळव्याची काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक जाम होतं, त्यांनी अशा गाड्या शेतातून ट्रॉलीत घालून आणलेल्या आहेत. चोचीसारखा वरचा मडगार्ड आहेच. रविवारी पहाटे महूवरून जाम गेटला जाणार, तिथून खाली मंडलेश्वर आणि मग महेश्वरच्या घाटावर. आई मागे बसणार म्हणते आहे, तिला मागचं बॅकरेस्ट लावून घेतलं.

इंदूरात कोणी अशी गाडी बघत असाल आणि बरोबर कोणी हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, रविवार सोडून सकाळी मी येईन, टॉर्च आणि पेचकस घेऊन. फक्त मालकाला आदल्या रात्री फोन करून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.