तुम्ही विचारलंत म्हणून: खाणीतलं संशोधन सरकारने का करायचं?

कोळसा काढून नफा कंपन्या कमावतात, मग खाणींवरच्या संशोधनाचा खर्च सरकारने का सोसायचा? मी सरकारी प्रयोगशाळेत कोळसा तपासत आलो आहे हे कळलं की दहातले पाच-सहा जण मला हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याने कर भरलेला असतो, त्याची चार वाक्यांत बोळवण करणं मला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धुळीपासून सुरुवात करतो, कारण माझं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

१० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समध्ये कूरिएर इथल्या कोळसा खाणींत स्फोट झाला. १,०९९ माणसं गेली. या खाणींत मिथेन हा स्फोटक वायू फारसा नसल्याने त्या सुरक्षित समजल्या जात होत्या. वायू नसेल तर नुसत्या कोळशाच्या धुळीने मोठा स्फोट होत नाही, असं त्या काळातले कितीतरी जाणकार छातीठोकपणे सांगत. कूरिएरने ते मत मोडीत काढलं. घडतं ते असं: कुठेतरी ठिणगी पडते, छोटा भडका उडतो. भडक्याच्या पुढे दाबाची लाट धावते आणि जमिनीवर, टेकूंवर, छताच्या सांदीत साचलेली धूळ उधळते. मागून येणारी ज्वाळा त्या उधळलेल्या धुळीला पेटवते, त्यातून लाटेला आणखी जोर मिळतो, ती आणखी पुढची धूळ उठवते. कागदाच्या जाडीचा थर असला तरी तेवढा पुरतो. जे दिसतं ते साधं काळं जमीन-छत असतं. त्यात बोगदा उडवायचं सामर्थ्य आहे हे डोळ्यांना कळत नाही.

कूरिएरनंतर लिएव्हँ इथे चाचणी केंद्र उभं राहिलं. तिथल्या ज्याक ताफानेल या अभियंत्याने एक उपाय मांडला, तो मला आजही विलक्षण वाटतो. छताजवळ आडव्या फळ्या ठेवायच्या आणि त्यांवर न जळणाऱ्या दगडी पुडीचे ढीग रचायचे. दाबाची लाट ज्वाळेच्या आधी पोचते, हाच स्फोटाचा घातक गुण. पण तीच लाट फळ्या उलथवते, पुडीचा ढग हवेत उभा राहतो, आणि ज्वाळा येते तेव्हा तिला जाळायला काही मिळत नाही, उलट तिची उष्णता ती पूड शोषून घेते. जे मारतं त्याच्याच हातून पहारा उभा करायचा. अशा फळ्या पुढे अनेक देशांतल्या खाणींत लागल्या.

अमेरिकेत १९०७ च्या डिसेंबरात मोनोंगा इथे ३६२ माणसं मेली आणि १९१० मध्ये तिथल्या सरकारने ब्युरो ऑफ माइन्स स्थापन केलं. पिट्सबर्गजवळ ब्रूस्टन इथे त्यांनी चक्क एक प्रायोगिक खाण खणली, कोळसा विकण्यासाठी नव्हे, तर स्फोट घडवून पाहण्यासाठी. १९११ मध्ये तिथे लोकांसमोर धुळीचा स्फोट करून दाखवला, कारण खाणमालकांपैकी अनेकांचा अजूनही विश्वास बसत नव्हता. आता हे सांगा, कोणती कंपनी स्वतःच्या पैशाने अशी खाण खणेल, जिचं उत्पादन म्हणजे फक्त स्फोट आणि त्यांच्या नोंदी?

त्या नोंदींतून एक आकडा निघाला: ६५. म्हणजे ताजी हवा आत नेणाऱ्या बोगद्यांतल्या धुळीत निदान ६५ टक्के भाग न जळणारा हवा. तेवढी चुनखडीची पूड फवारायची. हा आकडा १९२० च्या दशकात खाणींतली धूळ किती जाड-बारीक आहे हे चाळून ठरवला होता, आणि तो पुढे कायद्यात बसला. मग यंत्रं बदलली. अखंड चालणारी कापणी यंत्रं कोळसा पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक दळू लागली, आणि धूळ जितकी बारीक तितकी ती पेटायला सोपी. कायद्यातला ६५ मात्र जागचा हलला नाही. सरकारी संशोधकांनी नव्याने धूळ गोळा केली, चाळली, मोठ्या बोगद्यांत पुन्हा स्फोट केले आणि सांगितलं की आता ८० लागतील. हे काम चालू असतानाच ५ एप्रिल २०१० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रांच खाणीत स्फोट होऊन २९ जण मेले. त्याच वर्षी ८० टक्क्यांचा तातडीचा नियम आला आणि २०११ मध्ये तो कायम झाला.

या घटनेतली एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. ब्युरो ऑफ माइन्स १९९६ मध्येच बंद केलं गेलं होतं. खर्चकपात. सुरक्षेचं संशोधन तेवढं दुसऱ्या सरकारी संस्थेकडे, निऑशकडे गेलं, म्हणून त्या चाचण्या करायला माणसं आणि उपकरणं उरली. ते हस्तांतरण झालं नसतं तर ६५ चा आकडा कोणी पुन्हा तपासला असता? मला वाटत नाही. जुना आकडा बरोबर धरून चालण्यात कुणाचाच तत्काळ तोटा नव्हता.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. खाणमालकांनी एकत्र येऊन उत्तम काम केल्याचं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये डॉनकास्टरच्या मालकांनी खाणीच्या पोटात आपोआप लागणाऱ्या आगींसाठी १९१२ च्या सुमारास प्रयोगशाळा काढली, जे. एस. हॉल्डेन तिचे संचालक होते. तिथल्या आयव्हन ग्रॅहम यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि कमी झालेला ऑक्सिजन यांचं जे गुणोत्तर वापरात आणलं, त्यावरून आजही जगभर आतली आग ओळखतात. पण ही एकाच पट्ट्यातली, एकाच संकटाने गांजलेली मंडळी होती.

आता माझ्या टेबलाकडे येऊ. बाष्पशील घटक, म्हणजे तापवल्यावर कोळशातून वायुरूपाने निघून जाणारा भाग, मोजायची चाचणी अशी असते: बारीक दळलेला, चाळलेला एक ग्रॅम कोळसा झाकणाच्या मुशीत घ्यायचा, ९०० अंशांच्या भट्टीत बरोबर सात मिनिटं ठेवायचा, बाहेर काढून थंड करून वजन करायचं. आठ नाही, सहा नाही, सात. झाकण किंचित ढिलं राहिलं की कडेने बारीक ठिणग्या उडतात, कोळशाचे कण निसटतात आणि आकडा खोटा वाढतो. मुशीच्या तोंडाशी ठिणगी दिसली की तो आकडा मी वहीत लिहून त्यावर रेघ मारतो आणि नवी मूस घेतो. या कामात कौतुकाचं काही नाही, पण या आकड्यांवर पुढचे करार उभे असतात.

भारतात औष्णिक कोळशाच्या जी-१ ते जी-१७ अशा प्रती उष्मांकावरून ठरतात, आणि दर प्रतीमध्ये साधारण ३०० किलोकॅलरींचं अंतर आहे. किलोला ४,५९० किलोकॅलरी आली तर कोळसा जी-१०, ४,६१० आली तर जी-९. मधे वीसचा फरक. विकणाऱ्याला वरची प्रत हवी असते, घेणाऱ्याला खालची, आणि दोघांकडेही चांगल्या प्रयोगशाळा असू शकतात. तरी दोघांनाही तिसरा लागतो. धनबादच्या खाण संशोधन आणि इंधन संशोधन या दोन केंद्रीय संस्था २००७ मध्ये एकत्र करून सिंफर झाली, तिच्याकडे हे तिऱ्हाइताचं नमुना-तपासणीचं कामही आलं. प्रत वर गेली काय, खाली आली काय, ज्याचा नफा-तोटा होत नाही त्याचाच आकडा दोघे मानतात.

इंधन तंत्रज्ञानाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, आणि ते माझ्या काही सहकाऱ्यांना रुचत नाही. कोळशापासून द्रव इंधन करण्यावर सरकारांनी जो खर्च केला, त्यातला पुष्कळसा घाईत, युद्धाच्या किंवा तेलटंचाईच्या भीतीने झाला. अमेरिकेने १९४४ मध्ये खास कायदा केला, मिसुरी राज्यात प्रात्यक्षिक कारखाने उभारले आणि १९५३ मध्ये ते बंद केले. स्वस्त तेलापुढे ते टिकणारच नव्हते. याउलट तिथल्याच ऊर्जा खात्याने शेलमधल्या नैसर्गिक वायूवर १९७० च्या दशकापासून शांतपणे जे काम करवलं, त्याचा उपयोग उद्योगाला पंचवीस-तीस वर्षांनी झाला. खनिजांतही तेच. अमेरिकेतल्या मिनेसोटात टॅकोनाइट नावाचा कठीण, कमी लोह असलेला खडक आहे. त्यातून लोह काढायच्या प्रयत्नांत विद्यापीठातले ई. डब्ल्यू. डेव्हिस १९१२ च्या सुमाराला लागले, आणि त्या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू व्हायला पन्नासचं दशक उजाडलं. चाळीस वर्षं! इतका धीर वार्षिक ताळेबंद मांडणाऱ्याकडून अपेक्षित करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

शेवटी एक पोटप्रश्न हमखास येतो: कोळशाचे दिवस भरत आले, आता तरी हे बंद करायला काय हरकत?

खाण बंद झाली की कोळसा संपतो असं नाही. खांबांच्या, कपारींच्या रूपाने बराच मागे राहतो. फटींतून हवा आत शिरते, कोळसा सावकाश ऑक्सिजन शोषतो, तापतो, उष्णता निघून जायला वाट नसली की पेटतो. वरची जमीन खचते, मग नव्या फटी पडतात आणि आणखी हवा जाते. आग नक्की कुठे आहे, कुठल्या बाजूने सरकते आहे, वाळू भरायची की नायट्रोजन सोडायचा, वर राहणाऱ्यांना कधी हलवायचं, हे वायूचे नमुने वर्षानुवर्षं घेतल्याशिवाय कळत नाही. तोवर खाणीचा भाडेपट्टा परत केलेला असतो, कंपनी विकली किंवा गुंडाळली गेलेली असते. झारखंडातल्या झरियाच्या कोळसा खाणींत पहिल्या आगीची नोंद १९१६ ची आहे आणि तिथली जमीन अजून धुमसते. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रलियात १९६२ मध्ये लागलेली आग गाव जवळजवळ रिकामं झाल्यावरही जळते आहे. तिथून येणारा वायू बाटलीत भरून तपासायला कोणीतरी पगारावर असावं, एवढंच माझं मागणं आहे.