एलएलबीचा प्रवेश सनदेपासून उलटा वाचा

एलएलबीला जायचं ठरलं की सगळं लक्ष सीईटीच्या मार्कांवर लागतं. कोणत्या कॉलेजचा कटऑफ किती, क्लास लावायचा की नाही, जुने पेपर कुठे मिळतात. हे सगळं ठीक आहे, पण सीईटीच्या मार्कांनी फक्त कॉलेज ठरतं. खरी तपासणी तीन किंवा पाच वर्षांनी होते, सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करता तेव्हा. त्या वेळी दहावीपासूनचा एकेक कागद पुन्हा टेबलावर येतो. म्हणून प्रवेशाच्या अटी शेवटाकडून वाचाव्यात: सनद कोणत्या कारणाने अडते ते आधी बघायचं आणि मग फॉर्म भरायचा.

या सगळ्याचा आधार म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम. विद्यापीठ कोणतंही असो, खालची चौकट हीच.

पात्रता: ४५ टक्के आणि त्याआधीची बारावी

रस्ते दोन. कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर तीन वर्षांचा एलएलबी, नाहीतर बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम (बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, मुंबईकडे बीएलएस एलएलबी). दोन्हींना किमान गुणांची अट सारखीच आहे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४०. तीन वर्षांच्या कोर्ससाठी हे टक्के पदवीचे, पाच वर्षांच्या कोर्ससाठी बारावीचे.

४४.८ ला ४५ धरतील या भरवशावर कुणीही बसू नये. आणि तुमच्या मार्कलिस्टवर टक्के नसून फक्त सीजीपीए असेल, तर त्याचे टक्के घरी कॅल्क्युलेटरवर काढू नका. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. ज्या विद्यापीठाची पदवी आहे तिथूनच रूपांतराचं पत्र आणा, आणि ते निकाल लागल्या लागल्या मागा. कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म उघडल्यावर मागायला गेलात तर उशीर झालेला असतो.

सर्वात मोठा खड्डा बारावीचा आहे. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली चालते, पण त्याआधी दहावी आणि बारावी रीतसर झालेली हवी. बारावी नसताना पूर्वतयारी शिक्षणक्रमावरून थेट पदवीला बसलेल्यांना नियम ५ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे एलएलबीला प्रवेश नाही. पदवी खरी असते, टक्केही ६० असतात, तरी उपयोग नसतो. आणि असा प्रवेश एखाद्या कॉलेजने देऊन टाकला तर ते जास्त वाईट, कारण अडचण तीन वर्षांची फी भरून झाल्यावर कळते.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते. कागदपत्रांच्या छाननीच्या वेळी मात्र पदवी उत्तीर्ण झाल्याची मार्कलिस्ट लागते. शेवटच्या वर्षात एक विषय राहिला असेल तर ते वर्ष सोडून द्यायचं. वयाची काळजी करू नका, सीईटीला वयाची कमाल मर्यादा नाही.

एलएलबी पत्राने किंवा दूरस्थ होत नाही. जाहिरातीत कुणी 'घरबसल्या एलएलबी' म्हणत असेल तर त्या पदवीवर सनद मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा. एकाच वेळी दोन नियमित पदव्याही नियम ६ प्रमाणे चालत नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरात काढलेल्या परिपत्रकात बार कौन्सिल ऑफ इंडियाने विद्यार्थ्यांकडून तीन गोष्टी जाहीर करून घ्यायला सांगितल्या: दुसरी नियमित पदवी चालू आहे का, नोकरी आहे का, आणि फौजदारी गुन्हा नोंद आहे का. नोकरी करत असाल तर साहेबांचं ना-हरकत पत्र पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवा.

सीईटी एक, कॅप दुसरं

महाराष्ट्रात विधीची सीईटी २०१६ पासून राज्याचा सीईटी सेल घेतो. २०२५ पासून पेपर १२० प्रश्नांचा, १२० गुणांचा आणि दोन तासांचा झाला. आधी प्रश्न १५० होते, त्यामुळे जुने सराव संच वापरताना वेळेचं गणित बदलून घ्या. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पेपर संगणकावर, मराठी आणि इंग्रजीत.

तीन वर्षांच्या कोर्सच्या पेपरात इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायद्याचा कल २४ आणि तर्क २४. म्हणजे एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा आहे आणि लोक मात्र तीन महिने राज्यघटनेची कलमं पाठ करत बसतात. पाच वर्षांच्या पेपरात कायदा ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४ आणि गणित ८. कायद्याच्या भागासाठी जुनी गाईडं फेकून द्या: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फौजदारी प्रक्रिया व पुराव्याचे कायदेही बदलले. ४२० नंबरचं कलम आता फक्त बोलीभाषेत उरलंय.

(मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना या सीईटीने प्रवेश मिळत नाही. तिथे पाच वर्षांच्या कोर्ससाठी क्लॅट ही देशपातळीवरची वेगळी परीक्षा लागते, आणि क्लॅटला चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापतात.)

सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला, असं दरवर्षी कितीतरी जण धरून चालतात. तसं नाही. निकालानंतर कॅपची नोंदणी स्वतंत्र करावी लागते, फी भरून, कागद अपलोड करून. मग ई-छाननी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तक्रारीचे मोजके दिवस, अंतिम यादी, आणि त्यानंतर कॉलेजांचे पर्याय भरायचे. छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्या लॉगिनला परत येतो, घरी पत्र येत नाही. त्यामुळे त्या आठवड्यात रोज लॉगिन करून बघणं हेच काम समजायचं.

त्रुटी बहुतेक वेळा त्याच त्या निघतात. दहावीच्या मार्कलिस्टवर नाव एक आणि आधारवर दुसरं. पदवीच्या सहा सत्रांपैकी एका सत्राची मार्कलिस्ट गायब. नॉन-क्रिमिलेयर जुनं: ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षअखेरच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज समितीकडे महिनोन्‌महिने पडून राहू शकतो, म्हणून तो सीईटीच्या आधीच करा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढलंय की राज्याच्या, हेही तपासा. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना लागतो. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी पदवीचं कॉलेज सोडल्याचा दाखला आधी हवा. या साखळीतला एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात.

पर्याय भरताना पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जिथे मिळालं तर तुम्ही खरोखर जाल. पहिला पर्याय मिळाला की जागा तिथेच पक्की होते आणि पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. 'बघू तरी मिळतंय का' म्हणून शासकीय विधी महाविद्यालय मुंबई किंवा पुण्याचं आयएलएस वर टाकायचं आणि मिळाल्यावर वसतिगृहाचा हिशेब सुरू करायचा, हा क्रम उलटा आहे.

मुलींनी एक गोष्ट नक्की बघावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत कॅपमधून आलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरीय फेरीतून गेलात तर ती हातची जाते.

कॉलेज नक्की करण्याआधी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेचं पत्र मागा, आणि ते कोणत्या वर्षापर्यंतचं आहे ते वाचा. मान्यता एकदा मिळाली की कायमची, असं नसतं.

हजेरी

पदवीच्या अटींमध्ये सर्वात जास्त लोक इथे अडकतात. नियम १२ प्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. प्रत्येक विषयात, सरासरी नव्हे. मूट कोर्ट (सरावासाठी लढवायचा खोटा खटला), ट्युटोरियल आणि प्रात्यक्षिकही त्यात आले. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ टक्क्यांवर परीक्षेला बसू देऊ शकतात, पण सगळ्या विषयांची मिळून ७० भरायला हवी, आणि अशा विद्यार्थ्यांची यादी कारणांसह बार कौन्सिल ऑफ इंडियाला पाठवायची असते.

आकड्यात सांगायचं तर एका विषयाची सत्रात ६० लेक्चरं झाली तर ४२ ना हजर राहावं लागेल, सवलतीत ३९. म्हणजे १८ बुडवता येतात. एक लग्न, एक आजारपण आणि दिवाळीनंतरचा आठवडा, संपली.

नोकरदारांनी आधी वेळापत्रक बघावं. तीन वर्षांच्या कोर्सला सत्र किमान १५ आठवड्यांचं, आठवड्याला किमान ३० तास, त्यातली किमान २४ लेक्चरं. सकाळी साडेसातला येऊन दहाला ऑफिस गाठू, हे गणित या तासांत बसत नाही. 'आमच्याकडे हजेरीचं काही नसतं' असं एखाद्या कॉलेजने तोंडी सांगितलं तर ते लेखी मागून बघा. त्याच २०२४ च्या परिपत्रकात बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही लावायला सांगितलं आहे.

चार प्रात्यक्षिक पेपर आणि इंटर्नशिप

कायद्याचे वीस अनिवार्य पेपर आणि सहा ऐच्छिक, यांचा अभ्यास मुलं करतात. चार क्लिनिकल, म्हणजे प्रात्यक्षिक, पेपर शेवटच्या महिन्यावर ढकलतात, आणि तिथेच जर्नल अपुरं राहतं. ड्राफ्टिंगच्या पेपरात मसुद्यांचे १५ सराव ४५ गुणांना: वादपत्र, कैफियत, प्रतिज्ञापत्र, जामीन अर्ज, अपिलाचं ज्ञापन वगैरे. दस्तऐवजांचे १५ सराव ४५ गुणांना: खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र. उरलेले १० तोंडी परीक्षेचे. सीनियरचं जर्नल उतरवून काढलं की तोंडीत पहिल्याच प्रश्नाला कळतं, कारण खरेदीखतात चतुःसीमा का लिहितात हे उतरवणाऱ्याला सांगता येत नाही.

मूट कोर्टच्या पेपरात १० गुणांचे तीन मूट, ३० गुणांना दोन खटल्यांचं निरीक्षण (एक दिवाणी, एक फौजदारी), आणि ३० गुणांना वकिलाच्या किंवा विधी सहाय्याच्या कचेरीत पक्षकारांच्या दोन मुलाखती आणि डायरी, मग १० गुणांची तोंडी. खटला बघायला एक दिवस जाऊन भागत नाही, तारखा पडतात. पाचव्या सत्राच्या सुरुवातीलाच तालुका न्यायालयात पुरावा सुरू असलेली केस शोधा, जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा तिथे बसायला जागा मिळते आणि कामकाज ऐकूही येतं. उरलेले दोन पेपर म्हणजे व्यावसायिक नीतिमत्ता आणि पर्यायी वादनिवारण.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही, आणि एकदा तरी खटले व अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे व्हायलाच हवी. सगळे आठवडे कंपनीत काढून भागणार नाही. प्रमाणपत्रावर 'पासून–पर्यंत' तारखा नसतील तर तिथल्या तिथे बदलून घ्या.

पाच वर्षांचा कोर्स मध्येच सोडून तीन वर्षांनी बीए पदरात पाडू, असं कुणाच्या डोक्यात असेल तर नियम १३ वाचावा. मधूनच आत येणं आणि मधूनच बाहेर पडणं, दोन्हींना मनाई आहे.

सनद

वय २१ पूर्ण आणि पदवी हातात असली की सनदेचा अर्ज. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम २४ प्रमाणे शुल्क एकूण ७५० रुपये, एससी-एसटींना १२५. मुद्रांक शुल्क लागू असेल तर वेगळं. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घ्यायला मनाई केली. त्यामुळे जुन्या वकिलांकडून ऐकलेले हजारांतले आकडे विसरा.

नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. १०० प्रश्न, निगेटिव्ह नाही. उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ४०. बेअर ॲक्ट (कायद्यांच्या नुसत्या मजकुराच्या प्रती) सोबत नेता येतात, पण त्यात टिपणं, भाष्य नको. पेन्सिलने समासात लिहिण्याची सवय असणाऱ्यांनी परीक्षेसाठी वेगळी कोरी प्रत ठेवावी.

न्यायाधीश व्हायचं असेल तर नोंदणीला एक दिवसही उशीर करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, आणि ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, बार परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. निकाल जूनमध्ये लागला आणि पदवी प्रमाणपत्राची वाट बघत अर्ज डिसेंबरात केला, तर मधले सहा महिने त्या तीन वर्षांत धरले जात नाहीत.