गुराख्याचा वाडा

आज अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शेरिडन येथे जॉन केंड्रिक यांचा ‘ट्रेल एंड’ हा वाडा पाहिला. लहानपणीच पोरका झालेला हा टेक्सासचा गुराखी १८७९ साली दुसऱ्याचा कळप हाकत या मुलखात आला आणि पुढे स्वतःच हजारो गुरांचा धनी झाला. तिसऱ्या मजल्यावरील नृत्यदालनात वादकांसाठी वेगळा सज्जा आहे, हौस दांडगी! १९१५ मध्ये ते राज्यपाल झाले, १९१७ पासून मृत्यूपर्यंत सिनेटर राहिले. मला मात्र या वाड्याहून मोलाची वाटते ती त्यांची एप्रिल १९२२ मधील कृती: वायोमिंगमधीलच टीपॉट डोम येथील सरकारी तेलसाठा गुपचूप भाडेपट्ट्याने दिल्याची कुणकुण लागताच त्यांनी सिनेटमध्ये ठराव मांडून खुलासा मागितला, आणि त्यातून उघडकीस आलेल्या लाचखोरीपायी तो पट्टा देणारे माजी मंत्री अल्बर्ट फॉल यांना पुढे तुरुंगात जावे लागले.