सगळे मार्कर नॉर्मल, गाठ मात्र तिथेच

सोलापुरात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्त-लघवीचं काम रोजचंच, पण माझा जीव एफएनएसीत, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून पेशी काढायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या.

मागच्या पावसाळ्यात अक्कलकोटकडच्या एक मावशी आल्या, पन्नाशीच्या, सोबत मुलगा. उजव्या कानाच्या पाळीखाली, लाळग्रंथीच्या जागी, लिंबाएवढी टणक गाठ. ईएनटीवाल्यांनी एफएनएसीची चिठ्ठी दिलेली पण मुलाने आधी फाईलच पुढे सरकवली, "मॅडम सुई कशाला, कॅन्सरचं फुल पॅकेज केलंय, सगळं नॉर्मल आलंय." बघितलं तर सीईए, सीए १९-९, सीए १२५ हे रक्तातले कॅन्सर मार्कर, सगळे खरंच नॉर्मल, आणि त्या कागदाच्या भरवशावर ही माणसं वर्षभर घरी बसलेली. मला अक्षरशः भडभडून आलं.

कारण यातला एकही मार्कर लाळग्रंथीसाठी नाहीच हो. १२५ मुख्यतः अंडाशयाच्या कॅन्सरला, १९-९ स्वादुपिंडाच्या, सीईए आतड्याच्या, आणि तेसुद्धा जास्त करून निदान झालेल्या पेशंटच्या फॉलोअपला. सिगरेट ओढणाऱ्याचा सीईए वाढतो, काविळीत १९-९ वाढतो, पोटाच्या टीबीत १२५ वाढतो. लाळग्रंथीची गाठ पकडणारा, रोजच्या वापरातला भरवशाचा ब्लड मार्कर आज नाही. संशोधन चालू आहे, पण पॅकेजमध्ये विकत मिळतं ते हे नव्हे.

मी म्हटलं, "मावशी, डोळे गच्च मिटा बरं." डावा मिटला. उजव्याच्या पापणीखाली पांढरी रेघ दिसतच राहिली. चेहरा हलवणारी नस कानाखालच्या याच लाळग्रंथीतून, पॅरोटिडमधून जाते. तिथल्या बहुतेक गाठी साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात, प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा सगळ्यात कॉमन, आणि साधी गाठ नसेला बाजूला ढकलते पण सहसा लुळी पाडत नाही. "दुखतं का?" तर म्हणे रात्री ठणका लागतो, झोप येत नाही. मुलाला डोळ्याचं माहीतच नव्हतं, त्याला वाटलं वयामुळे असेल.

सुई घातली, स्लाईड केल्या, जिमसा स्टेन, म्हणजे पेशी रंगवणारा रंग लावला. लेन्सखाली जांभळट-गुलाबी गोळे गोळे आणि प्रत्येकाभोवती गडद बारीक पेशींची दाटी. प्लिओमॉर्फिकमध्येही असा गुलाबी भाग दिसतो पण तो तंतूतंतूंचा, कडा विरलेल्या, पेशी त्यात हरवून गेलेल्या, इथे मात्र गोळ्यांच्या कडा एकदम स्वच्छ. अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, लाळग्रंथीचा कॅन्सर. हळू वाढणारा पण नसेच्या कडेकडेने सरकत जाणारा, म्हणून तो ठणका आणि म्हणून तो डोळा. लाळग्रंथीच्या एफएनएसी रिपोर्टची जी मिलान सिस्टिम असते तिच्याप्रमाणे मॅलिग्नंट, म्हणजे कॅन्सर, असा रिपोर्ट लिहिला आणि सर्जनना लगेच फोन केला, की नसेसाठी एमआरआय आणि छातीचा सीटी दोन्ही करून घ्या, कारण हा फुप्फुसात जातो.

फुप्फुस स्वच्छ निघालं. मुंबईला टाटात ऑपरेशन झालं, बायोप्सीत तेच निदान आलं, मग रेडिएशन. नसेचा गुंतलेला भाग काढावा लागला त्यामुळे चेहरा थोडा ओढलेला राहिलाय.

रक्ताचा या भागात उपयोगच नाही असं नाही बरं का. दोन्ही बाजूच्या ग्रंथी सुजल्या, तोंड-डोळे कोरडे पडतायत, तर एसएसए-एसएसबी या अँटीबॉडी बघतात, आयजीजी४ हे रक्तातलं प्रोटीन बघतात, एचआयव्हीही बघतात कारण त्यातही पॅरोटिडमध्ये सिस्ट होतात. पण त्या वेगळ्या आजारांच्या तपासण्या आहेत. एका बाजूला टणक गाठ असेल तर आधी सोनोग्राफी आणि सुई.

मावशींचा मुलगा अजून फोन करतो. हा कॅन्सर दहा-दहा वर्षांनीही परत येऊ शकतो त्यामुळे फॉलोअप लांबलचक आहे, तपासणी आणि स्कॅनवरच. परवा त्याच्या शेजाऱ्याच्या जबड्याखाली गाठ आली म्हणून विचारत होता, कुठल्या टेस्ट करून आणू. म्हटलं टेस्ट काही नको, उद्या सकाळी त्यांनाच घेऊन ये.